ज्यांना दार नाही, त्यांच्या दारात: बेघर माणसांचे फोटो काढण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर फिरून फोटो काढणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. मधली काही वर्षं नवख्यांना शिकवण्यात गेली. वर्ग लेन्सचा असो की प्रकाशाचा, शेवटी कुणीतरी चाचरत विषय काढतंच: "बेघर माणसांचे फोटो काढलेले चालतात का?" खालचे प्रश्न असेच जमत गेले. उत्तरं माझी आहेत, आणि त्यातली बरीचशी चुका करून मिळालेली आहेत.

रस्ता सगळ्यांचा आहे. तिथे फोटो काढायला परवानगी कशाला हवी?

कायद्याचं आधी उरकून टाकू. तो देशागणिक बदलतो. अमेरिकेत सार्वजनिक जागी दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला साधारणपणे आडकाठी नाही. फिलिप-लोर्का डीकोर्सिया या फोटोग्राफरने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये वाटसरूंच्या नकळत त्यांचे चेहरे टिपले. त्यातल्या एकाने दावा लावला, पण न्यायालयाने २००६ मध्ये हे फोटो कला आहेत असं म्हणत तो फेटाळला. जर्मनीत उलटं. तिथला १९०७ चा कायदा म्हणतो की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. अपवाद आहेत, पण ते अपवादच. तुम्ही जिथे फोटो काढणार तिथला कायदा वाचून घ्या आणि मग बाजूला ठेवा. या कामात रात्रीची झोप उडते ती कायद्यामुळे नाही.

खरी गोष्ट अशी की रस्ता सगळ्यांचा असला तरी सगळे त्यावर सारखे राहत नाहीत. आपण घरात कसे असतो ते आठवा. केस पिंजारलेले, तोंड उघडं टाकून झोपलेले, रडू आलं तर मोरीत जाऊन नळ सोडून रडणारे. बाहेर पडताना तोंडावरून पाण्याचा हात फिरवतो आणि जगाला दाखवायचा चेहरा चढवतो. रस्त्यावर आपला फोटो कुणी काढला तर तो या चढवलेल्या चेहऱ्याचा असतो. बेघर माणसाला दुसरा चेहरा चढवायला आडोसाच नाही. तो दात घासतो, भांडतो, औषध घेतो, पाय चेपत बसतो, सगळं आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवर. आपण त्याच्या न्हाणीघरातून ये-जा करत असतो आणि त्याला सार्वजनिक जागा म्हणतो.

त्याला दार नाही. तेव्हा दार आपण मनाने उभं करायचं आणि आत जाण्याआधी कडी वाजवायची. या पानावरची बाकीची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

परवानगी मागितली की क्षण जातो. मग कॅन्डिड, म्हणजे नकळत टिपलेल्या, फोटोत उरतं काय?

जातो, खोटं कशाला बोलू. या धंद्याची सुरुवातच चोरून बघण्यातून झाली आहे. पॉल स्ट्रँडने १९१६ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स बसवली होती. समोरच्याला वाटे, हा भलतीकडे रोखून उभा आहे. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात कोटाआड कॅमेरा लपवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांचे फोटो काढले. पण इव्हान्सबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी: त्या फोटोंचं पुस्तक त्याने १९६६ मध्ये आणलं, पंचवीस वर्षं थांबून. आज आपण घरी पोचायच्या आत फोटो जगभर टाकून मोकळे होतो.

आणि दुसरा क्षण येतो, हेही तितकंच खरं. परवानगी घेतल्यावर पहिली पाच मिनिटं माणूस फोटोसाठी बसतो: पाठ ताठ, ओठ मिटलेले. कॅमेरा मांडीवर ठेवून बोलत राहा. वीस मिनिटांनी तो तुम्हाला विसरतो आणि स्वतःच्या उद्योगाला लागतो. त्यानंतर मिळणारे फोटो चोरून काढलेल्यांपेक्षा मोकळे असतात, कारण त्यात माणूस सावध नसतो आणि फसवलेलाही नसतो.

ली जेफ्रीज हा इंग्लिश फोटोग्राफर आज बेघर माणसांच्या पोर्ट्रेटसाठी ओळखला जातो. त्याची सुरुवात एका फजितीने झाली. २००८ मध्ये तो लंडनला मॅरेथॉन धावायला गेला असताना स्लीपिंग बॅगमध्ये बसलेल्या एका मुलीचा त्याने लांबून फोटो घेतला. तिच्या ते लक्षात आलं आणि ती ओरडायला लागली. पळावं की जाऊन माफी मागावी, असा पेच. तो गेला, तिच्याजवळ बसला, बोलला. पुढचं त्याचं सगळं काम तिथून सुरू झालं. त्याच्या शैलीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते खाली येईल. पण रस्ता ओलांडून तिच्याकडे जाणं त्याला जमलं, हे मान्य करायला हवं.

बहुतेक नवखे बेघर माणसांकडेच का वळतात?

करुणा वगैरे नंतर. पहिलं कारण सोपेपणा. बाकीचा रस्ता पळत असतो. हा माणूस बसलेला असतो. फोकस करायला वेळ मिळतो. आणि तो उठून जाऊ शकत नाही, कारण त्याचं सामान. तीन पिशव्या, पथारी, पाण्याची बाटली, कदाचित एक कुत्रा. तुम्हाआम्हाला कॅमेरा आवडला नाही तर आपण दोन पावलं बाजूला होतो. त्याने तसं करायचं म्हणजे सगळा संसार आवरायचा. तो गप्प बसला याचा अर्थ त्याची हरकत नाही असा लावू नका.

झोपलेल्या माणसाचा फोटो?

नको.

माझ्याकडे असा एक आहे. पहाटेचा उजेड, पुठ्ठ्यावर कुशीवर झोपलेला माणूस, चपला उशाखाली. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून. फोटो सुरेख आला होता. मी तो मोठा करून घेतला, भिंतीवर लावला. महिनाभराने एक मैत्रीण घरी आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा जागा झाला असता तर तू काय केलं असतंस?" मी पळाले असते. फोटो उतरवला. फाईल अजून आहे, ती का पुसत नाही याचं उत्तर मला देता येत नाही.

परवानगी मागायची कशी?

समोरून जा, मागून नाही. कॅमेरा दिसू द्या, पण खाली धरलेला. एकटे किंवा फार तर दोघं. पाच-सात जणांचा फोटोवॉक, म्हणजे एकत्र फोटो काढत फिरणारा गट, एखाद्याभोवती कोंडाळं करून उभा राहिला की ती मागणी राहत नाही, घेराव होतो. गुडघ्यावर बसा. उभ्याने बोललं की आवाजात आपोआप साहेबी येते.

मग नाव सांगा आणि सरळ विचारा. "काका, मी फोटो काढते. तुमचा एक काढू का? प्रदर्शनात लावायचा विचार आहे, इंटरनेटवरही येईल." हे शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळू नका. "फोटो काढू का" याला मिळालेला होकार आणि "हा फोटो तुमच्या गावातला कुणीही बघू शकेल" याला मिळालेला होकार यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पुष्कळांनी आपण रस्त्यावर आहोत हे घरच्यांना कळू दिलेलं नसतं.

फोटो काढल्यावर तो स्क्रीनवर दाखवा आणि दुसऱ्यांदा विचारा. पहिला होकार कॅमेऱ्याला असतो, दुसरा फोटोला. दुसऱ्या वेळी "हा नको" म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. मला दुसरा नकार पहिल्यापेक्षा जास्त वेळा मिळाला आहे, आणि बहुतेकदा कारण एकच: "दात दिसतायत."

नकार आला तर लगेच उठून जाऊ नका. दोन मिनिटं बसा, बोला, मग निघा. नाहीतर त्यांना कळतं की तुम्ही फक्त फोटोसाठी आला होतात. अर्थात आलाच होतात, पण तेवढ्यासाठीच नव्हे, असं असायला काय हरकत आहे?

माणूस नशेत असेल किंवा मानसिक आजाराने त्रस्त असेल, आणि "हो" म्हणाला तर?

नशेतला होकार धरायचा नाही. सकाळी परत जा. सकाळी तो नकार देईल अशी भीती वाटत असेल, तर रात्रीच्या होकाराची किंमत तुम्हाला ठाऊकच आहे.

मानसिक आजाराचं जास्त अवघड, कारण आजारी माणसाला काहीच कळत नाही असं धरून चालणं हाही अपमान आहे. मी एक करते: फोटो कुठे जाणार हे सांगितल्यावर त्यांना त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावते. सांगता आलं तर पुढे. बोलणं भरकटत गेलं, मला ते मंत्री किंवा बहीण समजायला लागले, तर कॅमेरा पिशवीत.

डायना किम या हवाईतल्या फोटोग्राफरचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. ती बरीच वर्षं बेघरांचे फोटो काढत होती. २०१२ मध्ये होनोलुलूच्या रस्त्यावर तिला त्या माणसांत स्वतःचे वडील दिसले. खंगलेले, मानसिक आजाराने ग्रासलेले; मुलीला ओळखतीलच याची खात्री नाही. ती त्यांच्याकडे जात राहिली, त्यांचे फोटोही काढत राहिली. उपचार ते नाकारत होते. पुढे २०१४ मध्ये रस्त्यातच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, कुणीतरी मदत बोलावली, आणि त्यातून उपचारांची वाट उघडली. ज्यांनी तिला लहानपणी फोटोग्राफीची गोडी लावली, ते हेच वडील. होकार द्यायच्या अवस्थेत ते होते का? मला वाटतं, नव्हते. मग मुलीला तो हक्क होता का? माझा कौल तिच्या बाजूने आहे, पण त्याचं कारण तिचे फोटो नसून तिचं पुन्हा पुन्हा जाणं आहे. मला-तुम्हाला तो हक्क त्या उदाहरणाने मिळत नाही.

लहान मुलांचे?

ओळखू येतील असे नाहीत. आईवडील सोबत असले आणि हसून हो म्हणाले तरी नाहीत. मूल मोठं होतं, फोटो तेवढाच राहतो.

पण अशा फोटोंनीच तर जग बदललं ना?

थोडं बदललं, हो. जेकब रिइस हा न्यूयॉर्कचा पोलिस-वार्ताहर. डेन्मार्कहून आलेला, उमेदवारीच्या काळात स्वतः पोलिसांच्या निवाऱ्यांत रात्री काढलेला. १८८७-८८ मध्ये नव्यानेच निघालेली फ्लॅशची पावडर घेऊन तो रात्री-अपरात्री अंधाऱ्या खोल्यांत शिरायचा आणि झोपेतल्या माणसांवर भपकन उजेड पाडायचा. एक-दोनदा त्याच्या या खटाटोपाने आगही लागली. पण १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि शहराला आपल्या पोटातला अंधार बघावा लागला. गलिच्छ निवारे बंद झाले, घरबांधणीच्या नियमांवर चर्चा झाली. त्या उजेडात दचकून उठलेल्यांचं काय, हे पुस्तकात नाही.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं, पण अर्धवट माहीत असलेलं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो इथली वाटाणे तोडणाऱ्या मजुरांची छावणी. डोरोथी लँग ही अमेरिकन फोटोग्राफर सरकारी कामासाठी फोटो काढत घरी परतत होती. छावणीची पाटी बघून पुढे गेली, वीसेक मैल गेल्यावर मन राहवेना म्हणून मागे वळली. ताडपत्रीच्या आडोशाला एक बाई, अंगाला बिलगलेली मुलं. लँगने दहा-एक मिनिटांत मोजके फोटो घेतले. नाव विचारलं नाही. वर्तमानपत्रात बातमी आली आणि छावणीला वीस हजार पौंड, म्हणजे नऊएक टन अन्न पाठवलं गेलं. तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती.

तिचं नाव जगाला १९७८ मध्ये कळलं: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. फोटो जगप्रसिद्ध झाल्याला तेव्हा चाळीसेक वर्षं झाली होती, आणि हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली. आपल्याला त्यातून दमडी मिळाली नाही ही तक्रार होतीच. लँगलाही त्याची रॉयल्टी मिळाली नव्हती, सरकारी काम होतं ते. पण कीर्ती मिळाली, आणि कीर्तीवर पुढची कामं मिळतात. लँग १९६५ मध्येच गेली होती, त्यामुळे दोघींचं बोलणं कधी झालंच नाही. १९८३ मध्ये थॉम्पसन अंथरुणाला खिळल्यावर मुलांनी मदतीचं आवाहन केलं, तेव्हा त्या फोटोच्या ओळखीवर लोकांनी हजारो डॉलर पाठवले. म्हणजे फोटो कामी आला. सत्तेचाळीस वर्षांनी, तिच्या शेवटच्या आजारपणात.

तेव्हा "समाजाचं भलं होतं" हे म्हणताना एवढं लक्षात ठेवा: भलं होतं ते बहुधा दुसऱ्या कुणाचं होतं, आणि किंमत फोटोतला माणूस मोजतो. कधीकधी हा सौदा करण्यासारखाही असतो. पण मग ते त्याला सांगून करा.

पैसे द्यावेत का?

वृत्तछायाचित्रकार म्हणतील, अजिबात नाही, पैसे दिले की दृश्य विकत घेतल्यासारखं होतं. त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे. पण तुम्ही बातमीसाठी काढत नसाल तर हा नियम तुमच्या सोयीचा आहे, नैतिक असेलच असं नाही. मॉडेलला पैसे देतो, स्टुडिओला भाडं देतो, फ्रेमवाल्याशी घासाघीस न करता पैसे देतो. ज्याचा चेहरा आहे तो मात्र फुकट.

या प्रश्नाला उघडपणे भिडलेला माणूस बोरिस मिखाइलोव्ह. सोव्हिएत संघ कोसळल्यावर युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये रस्त्यावर आलेल्या माणसांचे त्याने १९९७-९८ मध्ये शेकडो फोटो काढले, पैसे देऊन, हवं तसं उभं करून, पुष्कळदा कपडे उतरवायला लावून. ते फोटो बघवत नाहीत. टीकाकार अजून भांडतात. भुकेल्या माणसाला पैसे दाखवून त्याच्याकडून काहीही करवून घेता येतं, हेच त्याने दाखवलं असं एक म्हणतो. आणि हेच त्याने केलं, असं दुसरा. मला दोन्ही पटतं.

माझी रीत: देते, पण फोटोच्या अटीवर नाही. आधी बोलणं, मग वाटलं तर मदत, मग फोटोचा विषय; नकार आला तरी दिलेलं दिलेलंच. फोटो विकला गेला तर त्यातला वाटा शोधत जाऊन पोचवायचा. शोधणं हेच कठीण. त्यांचा पत्ता नसतो, हाच तर सगळा विषय आहे.

फोटो काढल्यावर अपराधी वाटतं. मी हे सोडून द्यावं का?

आधी एक कबुली. चांगला फोटो मिळाल्याचा आनंद आणि समोरच्याची अवस्था बघून पोटात पडलेला खड्डा, हे दोन्ही एकाच सेकंदात येतात, आणि आनंद किंचित आधी येतो. मी हे भल्याभल्यांना दोन पेल्यांनंतर कबूल करताना ऐकलं आहे. तुम्हालाही तसं होत असेल तर तुम्ही राक्षस नाही. डोळा तसाच घडवला आहे आपण, उजेड आणि रेषा आधी बघायला.

अपराधीपणाची गंमत अशी की तो हळूहळू भाड्यासारखा होतो. फोटो काढला, वाईट वाटून घेतलं, हिशेब चुकता. मी काही वर्षं असंच केलं. वाईट वाटण्याने त्या माणसाच्या हातात काही पडत नाही, हे कळायला वेळ लागला. आता अपराधी वाटलं की मी विचारते, नेमकं कशाचं? बहुतेक वेळा उत्तर अगदी बारीक असतं: नाव विचारलं नाही. खोटं बोलले. घाई केली. पुन्हा येते म्हणाले आणि गेले नाही. यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं. थॉम्पसनची आणखी एक तक्रार होती: लँग प्रत पाठवते म्हणाली होती, पाठवली नाही. चाळीस वर्षं लक्षात राहिलं ते.

आणि फोटो लगेच दाखवू नका. मी दोन आठवडे थांबते. आनंद ओसरतो, मग फोटो दिसतो.

मला हल्ली काहीच वाटत नाही.

मग थोडे दिवस झाडांचे काढा. गंभीरपणे सांगते आहे.

एडिट करताना काय पाळायचं?

कृष्णधवल, कॉन्ट्रास्ट चढवलेला, बारकावे उठावदार करणारा क्लॅरिटीचा स्लायडर शंभरावर. सुरकुतीची दरी होते, दाढीचा केस न् केस तारेसारखा उभा राहतो, डोळ्यांत दोन दिवे. या शैलीला बक्षिसं मिळतात. जेफ्रीजबद्दलचं माझं मत हेच: तो त्या मुलीजवळ जाऊन बसला, पण त्याच्या फोटोंतली माणसं कधीकधी चर्चमधल्या संतांसारखी दिसतात. संतांना निवाऱ्याची गरज नसते, पूजा केली की भागतं.

साधी कसोटी: हाच स्लायडर तुम्ही तुमच्या मावशीच्या फोटोवर इतका ओढाल का? ती तुम्हाला पुन्हा घरात घेईल का?

कॅप्शनमध्ये काय लिहावं?

जे त्यांनी सांगितलं ते, आणि लिहू का असं विचारून. अंदाज नाही. लँगच्या टिपणात आलं होतं की त्या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकले. मुलाने नंतर सांगितलं, विकायला टायर होतेच कुठे? होते ते गाडीला होते, आणि त्याच गाडीतून आम्ही पुढे गेलो. करुण तपशील किती सहज चिकटतो बघा.

"भुकेने व्याकूळ", "नियतीचा बळी", "हरवलेले डोळे" हे सगळं खोडा. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लासाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बेघर माणसांचे फोटो बघताना, दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार करताना एरवी कामाला लागणारा मेंदूचा पुढचा भाग मंद राहिल्याचं त्यांना आढळलं. पुढच्या प्रयोगात त्यांनी बघणाऱ्यांना एक साधा प्रश्न टाकला: या माणसाला अमुक भाजी आवडत असेल का? तेवढ्याने तो भाग जागा झाला. दया नाही, माहिती नाही, नुसती भाजी.

तेव्हापासून मी कॅप्शनमध्ये आवडीनिवडी लिहिते. "शब्दकोडी सोडवतात, पण पेन टिकत नाही." "डाव्या कुशीवर झोप येत नाही." लोक आता "अरेरे" लिहीत नाहीत. कुणीतरी लिहितं, मलाही येत नाही.

कुणी चिडलं, शिवी दिली, कॅमेऱ्यावर हात टाकला तर?

माफी मागा, फोटो पुसून दाखवा, निघा. वाद घालू नका. "माझा हक्क आहे" हे वाक्य ज्याच्याकडे पथारीएवढीही हक्काची जागा नाही त्याच्या तोंडावर फेकायचं नसतं.

ऑनलाइन टाकताना आणखी काही?

ठिकाण काढा. फोनच्या फोटोत बऱ्याचदा अक्षांश-रेखांश लपलेले असतात. अपलोड करण्याआधी ते पुसा. मागे दुकानाची पाटी, बसथांब्याचं नाव दिसत असेल तर कापा. रस्त्यावर आलेल्या काही बायका मारणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या असतात. तुमचा फोटो त्याच्यासाठी नकाशा ठरू शकतो. चेहरा ओळखणारी यंत्रणा आता कुणालाही वापरता येते, हेही धरून चाला.

माणूस न दाखवता बेघरपणा दाखवता येतो का?

मार्था रॉस्लर या अमेरिकन कलावतीने १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्याचे फोटो काढले. तिथल्या दारुड्यांचे, बेघरांचे फोटो काढणं ही तोवर फोटोग्राफरांची जुनी रीत होती. हिच्या फोटोंत माणूसच नाही: बंद दुकानं, रिकाम्या पायऱ्या, रिकाम्या बाटल्या. शेजारी टाइप केलेले शब्द, सगळे नशेसाठीचे. चित्र आणि शब्द दोन्ही त्या माणसांना पुरे पडत नाहीत, हे तिने शीर्षकातच सांगून टाकलं.

पण तीच युक्ती उचलून पथारीचे, पिशव्यांचे फोटो काढणाऱ्यांना एक टोचणी: ते सामानही कुणाचं तरी कपाट आहे. मालक तिथे नसताना कपाट उघडून फोटो काढतो का आपण?

कॅमेरा त्यांच्याच हातात दिला तर?

मला आवडणारं उत्तर. जिम हबर्ड या माजी वृत्तछायाचित्रकाराने १९८९ मध्ये वॉशिंग्टनमधल्या बेघर मुलांना कॅमेरे देऊन शिकवायला सुरुवात केली. लंडनमध्ये कॅफे आर्ट या संस्थेने बेघरपणा भोगलेल्यांना एकदाच वापरायचे शंभर कॅमेरे वाटले आणि निवडक फोटोंचं कॅलेंडर काढलं. अशा फोटोंत बाहेरच्याला अपेक्षित असतं त्यातलं फारसं काही नसतं. कबुतरं, पूल, मित्र, ढग, स्वतःची सावली. पथारीवरून दिसणारं जग पथारीसारखं दिसत नाही.

करणार असाल तर एकच अट: फोटोचा मालक तो, ज्याने काढला. कॅमेरा तुमचा होता म्हणून फोटो तुमचा होत नाही.

कुणालाच दुखवायला नको म्हणून एआयने चित्र बनवलं तर?

चेहरा कुणाचा नाही म्हणून संमतीचा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण ते यंत्र आजवर काढलेल्या फोटोंचंच सार काढून देतं: दाढी, घोंगडी, पाणावलेले डोळे. गाडीत राहणारी शिक्षिका किंवा नातेवाइकांच्या सोफ्यांवर आळीपाळीने झोपणारा विद्यार्थी त्यात येत नाही, कारण त्यांचे फोटो कुणी काढलेच नाहीत. जुनी चूक, आता दर मिनिटाला शंभर.

प्रिंट नेऊन द्यावी का?

जरूर, पण विचार करून. मी एका म्हाताऱ्या बाईंना त्यांचा फोटो चांगला बारा इंची करून नेऊन दिला. त्यांनी बराच वेळ बघितला. "एवढी म्हातारी दिसते होय गं मी?" म्हणाल्या, मग हसल्या, मग इकडेतिकडे बघायला लागल्या. मला वेळाने कळलं की ठेवायचा कुठे, ते शोधतायत. पुढच्या पावसात त्याचा लगदा झाला. त्यांनी मला तसं सांगितलंही, माझीच समजूत काढल्यासारखं. दुसरी प्रत खिशात मावेल एवढी, लॅमिनेट करून नेली. ती त्यांनी ओळखपत्राच्या पिशवीत घातली.

तेव्हापासून बारा इंची नाही.

खूप वर्षांनी कुणी म्हणालं, "माझा तो फोटो काढून टाका," तर?

काढून टाका. कारण विचारू नका. माणूस कायम बेघर राहत नाही. पुष्कळांसाठी तो आयुष्यातला एक तुकडा असतो. मेरी एलन मार्क या फोटोग्राफरने १९८३ मध्ये सिअ‍ॅटलच्या रस्त्यावर टायनी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीचे फोटो काढले आणि पुढे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, २०१५ पर्यंत, तिच्याकडे जात राहिली. टायनी प्रत्येक टप्प्यावर तिला दार उघडत गेली. पण सगळ्यांना ते नको असतं.

मला असा एकच निरोप आला आहे. ज्यांचा फोटो होता त्यांची मुलगी होती. बाबांचं आता नीट चाललं आहे, भाड्याची खोली आहे, नातवाला इंटरनेटवर शोधाशोध करायची सवय लागली आहे, एवढंच लिहिलं होतं. मी वेबसाइटवरून काढला, दोन बॅकअपमधून काढला, ज्या प्रदर्शनात लावला होता त्यांना कळवून त्यांच्याकडूनही काढून घेतला. एका स्पर्धेच्या जुन्या पानावर तो अजून होता. तिथल्या लोकांनी चौथ्या पत्राला उत्तर दिलं आणि मगच तो हटला. मुलीला तसं कळवलं. तिने पत्ता पाठवला आणि विचारलं, घरात लावायला एक प्रत मिळेल का.